चूल दिली, डागडुजीचे काय?

दोन तोंडांच्या निर्धूर चुलीवर पुढचे वरण रटरटते आणि मागच्या तोंडावरचे पातेले मात्र तासभर कोमटच राहते, तेव्हा दोष बहुतेक वेळा सरपणाचा नसतो. चूल थंड झाल्यावर पातेले उचलून आत पाहिले की कारण सापडते. मागच्या तोंडाखाली, जाळाच्या वाटेत बांधलेला मातीचा आडवा उंचवटा तडकलेला असतो, नाहीतर त्याचा तुकडा ढासळून राखेत पडलेला असतो. अभियंते त्याला बॅफल म्हणतात. किंमत विचाराल तर ओंजळभर मातीची. पण चूल निर्धूर राहणार की पुन्हा घरभर धूर करणार, हे बरेचसे त्याच्यावर ठरते.

त्याचे काम सोपे आहे. पुढच्या तोंडाखाली पेटलेला जाळ आणि तापलेली हवा धुराड्याच्या ओढीने मागे धावते. वाटेत हा उंचवटा आला की ती वर वळते, मागच्या भांड्याच्या बुडाला घासून जाते आणि मगच धुराड्यात शिरते. उंचवटा आणि भांड्याचे बूड यांच्यात साधारण दोन बोटांची फट राहावी लागते. उंचवटा झिजला तर फट वाढते आणि उष्णता भांड्याला न लागता सरळ छपरावरून निघून जाते. ढासळला तर तुकड्यांनी वाट तुंबते आणि धूर पुढच्या तोंडातून स्वयंपाकघरात परततो. मग घरची बाई आधी दोन लाकडे जास्त सारते. पुढे मागचे तोंड झाकून ठेवते. एखाद्या पावसाळ्यात धुराड्याचा पाइप काढून टाकला जातो आणि शेजारी तीन दगड मांडले जातात. सरकारच्या वहीत मात्र त्या घरी निर्धूर चूल बसवल्याची नोंद कायम असते.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत ही गोष्ट नवी नाही. निर्धूर चुलीचा विचारच मुळी वऱ्हाडाच्या शेजारी वाढला. बडनेऱ्याहून रेल्वेने शंभरेक किलोमीटरवरच्या वर्ध्यात, मगनवाडीत, १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला आणि जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम अंगावर घेतले. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांच्या जोडीने तिथे स्वयंपाकघरातल्या धुराचाही विचार झाला आणि तिथल्या चुलीला ‘मगन चूल’ हे नाव पडले. पुढे हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये लाखो घरांसाठी धूरमुक्त स्वयंपाकघर कसे करता येईल, यावर पुस्तिकाच लिहिली. या चुली मातीच्या, घरच्या घरी बांधण्याजोग्या होत्या. ज्या हाताने बांधली त्याच हाताने लिंपावी, हे त्यात गृहीतच होते.

ते गृहीत सरकारी योजनेच्या वाटेवर गळून पडले. केंद्राचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ च्या अखेरीस सुरू झाला आणि २००२ मध्ये केंद्राने त्यातून अंग काढून घेतले. तोवर देशभरात तीन कोटींहून अधिक चुली बसल्या होत्या. अनुदान चूल बसवण्यावर, उद्दिष्ट बसवलेल्या चुलींच्या संख्येचे, आढावाही त्याच संख्येचा. महाराष्ट्रात या कार्यक्रमाला तांत्रिक साहाय्य देणारी पुण्याची ‘आरती’ ही संस्था डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये सुरू केली. तिने लक्ष्मी चुलीसारखे नमुने आणि ते अचूक बांधता यावेत म्हणून साचे तयार केले. केंद्राचा कार्यक्रम आटोपल्यावर कुंभारांना आणि बचत गटांना चुली बनवून विकण्याचे प्रशिक्षण दिले. प्रयत्न मोलाचे होते. तरीही बसवल्यानंतरच्या दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी चुलीकडे कोण फिरकणार, या प्रश्नाला सरकारी चौकटीत पुरेशी जागा मिळाली नाही.

ही जागा न दिल्याने काय होते, ते ओडिशात फार बारकाईने मोजले गेले आहे. रेमा हन्ना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी ‘ग्राम विकास’ या संस्थेच्या चूल कार्यक्रमाचा चार वर्षे पाठपुरावा केला. ४४ गावे, अडीच हजारांहून अधिक कुटुंबे. चुली मातीच्या, धुराड्याच्या, म्हणजे वऱ्हाडात दिसतात त्याच जातीच्या. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासातून जाणारा धूर घटला. त्यानंतर तो परिणाम विरत गेला आणि पुढच्या वर्षांत फरकच उरला नाही. आरोग्यात सुधारणा दिसली नाही, सरपणही वाचले नाही. संशोधकांनी कारण दिले ते साधे होते. लोकांनी चुली नियमित वापरल्या नाहीत आणि त्यांची देखभाल करण्यात पैसा-वेळ घातला नाही, म्हणून तडकलेल्या, तुंबलेल्या चुली तशाच पडून राहिल्या.

आता दुसरी बाजू पाहा. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाच्या डोंगराळ सान मार्कोस भागात कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५३४ घरांत असाच प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. तिथे धुराड्याच्या चुलीमुळे मुलांच्या शरीरात जाणारा धूर जवळपास निम्म्यावर आला. डॉक्टरांनी निदान केलेल्या एकूण न्यूमोनियात झालेली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली नाही, पण गंभीर न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. या प्रयोगातले एक कलम सहसा नजरेआड होते. कार्यकर्ते दर आठवड्याला घरोघर जाऊन चूल तपासत आणि मोडतोड दिसली की ती लगेच दुरुस्त करून घेत. दोन्हीकडे चूल धुराड्याचीच होती. लोक, हवामान, चुलीची बांधणी यांत फरक होतेच. पण एका ठिकाणी दर आठवड्याला कोणीतरी चुलीत डोकावत होते आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हते, या फरकाला धोरण ठरवणाऱ्यांनी सर्वांत वर ठेवायला हवे.

वऱ्हाडात तर डोकावण्याची गरज अधिकच आहे, कारण इथली माती आणि इथले सरपण दोन्ही चुलीच्या मुळावर येणारी आहेत.

आधी माती. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन कापसाला मानवते, चुलीला नाही. बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनलेल्या या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल अशा भेगा पडतात त्या यामुळेच. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात तर जमिनीतले सोडियम हे फुगणे-आक्रसणे आणखी वाढवते. अशा मातीचा उंचवटा पहिल्या जाळातच भेगाळणार. भरीला तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात. ते जाळात भाजले की त्यांचा कळीचा चुना होतो आणि पुढे हवेतला ओलावा किंवा उतू गेलेले पाणी मिळाले की फुगून मातीचे पापुद्रे उडवतो. वीटभट्टीवाल्यांना हा त्रास चांगला ठाऊक आहे. जुन्या बायका चुलीसाठी शेतातली काळी सोडून गावठाणातली पांढरी माती आणतात, ती चाळतात, तिच्यात लीद, गव्हाचा भुसा आणि राख मिसळतात, त्यामागे हे ज्ञान आहे. कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने तपासून त्यावर शिक्का मारावा, इतके ते पक्के आहे.

मग सरपण. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे चुलीत जंगलातले लाकूड जाते. पण अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूरच्या सपाटीवर चुली पेटतात त्या पऱ्हाटीवर आणि तुराटीवर. कापूस वेचून झाला की उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग अंगणात, बांधावर रचले जातात. (गुलाबी बोंडअळीचा मुक्काम या ढिगांत राहतो, म्हणून कृषी विभाग ते शेताजवळ ठेवू नका असे दरवर्षी सांगतो. पण ज्या घरात तेच वर्षभराचे जळण आहे, तिथे हा सल्ला अर्धाच पाळला जातो.) पऱ्हाटी भडकन पेटते आणि लवकर संपते. त्यामुळे दर काही मिनिटांनी ती आत सारावी लागते. लांब काडी न मोडता तशीच सारली जाते आणि तिचे टोक प्रत्येक वेळी आतल्या उंचवट्यावर आपटते. वरून भडका असा की माती क्षणात तापते, जाळ बसला की तितक्याच झपाट्याने निवते. त्यात उतू गेलेली डाळ किंवा दुधाचे ओघळ तापलेल्या मातीवर पडले, की तडा गेलाच म्हणून समजा. बाभळीचे जाड लाकूड जाळणाऱ्या घरात हीच चूल जास्त टिकते. पुण्यात किंवा दिल्लीत चाचणी झालेल्या चुलीला दर्यापूरच्या पऱ्हाटीचा हा मारा माहीत नसतो.

दुरुस्ती जड नाही, पण ती चुकीच्या पद्धतीने होते. सर्वांत मोठी चूक सिमेंटची. घरात बांधकामाचे उरलेले सिमेंट असते, ते पाण्यात कालवून भेगेत भरले की काम पक्के झाल्यासारखे वाटते. पण साधे सिमेंट जाळासाठी नाही. तापमान ४०० अंशांच्या पुढे गेले की घट्ट झालेल्या सिमेंटमधला चुना फुटू लागतो, चूल निवल्यावर तो हवेतला ओलावा घेऊन पुन्हा फुगतो. काही दिवसांत भरलेला भाग खपली धरून पडतो आणि जाताना शेजारची चांगली मातीही घेऊन जातो. नदीची निव्वळ वाळू मिसळणेही धोक्याचे. तिच्यातला गारगोटीचा अंश ५७३ अंशांना एकाएकी फुगतो. जाळाशी थेट गाठ असलेल्या ठिकाणी वाळूपेक्षा एकदा भाजून निघालेल्या मातीचा चुरा बरा. त्याचे फुगणे-आक्रसणे आधीच होऊन गेलेले असते. आणि वऱ्हाडात असा चुरा फुकट पडला आहे. घरांवर टिनपत्रे आणि स्लॅब आल्यापासून उतरवलेल्या कवेलूंचे ढीग गावोगाव परसात दिसतात. ते कुटून, चाळून पांढऱ्या मातीत साधारण निम्मे मिसळले तर चुलीच्या आतल्या भागासाठी याहून चांगला मसाला विकत मिळणार नाही.

काम असे करायचे. चूल पूर्ण थंड होऊ द्यायची. भेगेतली काजळी आणि सुटी माती खरवडून काढायची, भेग खिळ्याने किंवा जुन्या चमच्याने थोडी रुंद करायची, कारण केसाएवढ्या भेगेवर वरून लिंपण केले तर ते आत शिरत नाही. जुनी माती ओली करून घ्यायची. कोरड्या मातीने नव्या मातीतले पाणी शोषले की जोड लागत नाही. मग घट्ट कालवलेला मसाला अंगठ्याने दाबून भरायचा. उंचवट्याचा तुकडाच पडला असेल तर सबंध कवेलूचा तुकडा आडवा रोवून त्यावर लिंपावे, म्हणजे काडीचा मार कवेलू झेलतो. दोन बोटांची फट राहिली की नाही, हे नेहमीचे भांडे ठेवून पाहायचे. हे पाहायचे राहून गेले तर बाकीची मेहनत वाया जाते. वाळवण्याची घाई नको. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा ओल्या बारदानाने झाकून सावकाश वाळवले नाही तर नवी माती उन्हानेच तडकेल. पहिले दोन-तीन दिवस काटक्यांचा हलका जाळ, मग नेहमीचा. याच वेळी धुराडे खालून-वरून साफ करून घ्यावे, त्याची टोपी जागेवर आहे का ते पाहावे.

थंड देशांत घर ऊबदार ठेवणाऱ्या लोखंडी शेगड्यांतही असाच आडवा पडदा असतो, तिथे तो व्हर्मिक्युलाइटच्या पाटीचा किंवा ओतीव लोखंडाचा असतो. तो तडकला की मालक शेगडीचा नमुना सांगून नवी पाटी मागवतो. पाटी झिजणारच, हे बनवणाऱ्याने आधीच मान्य केलेले असते आणि ती बदलता येईल अशीच शेगडी घडवलेली असते. आपल्या योजनांतल्या चुलींना हा हिशेब का लागू होऊ नये? आतला उंचवटा, जाळी आणि धुराड्याची टोपी हे तीन भाग सुटे, ठरलेल्या मापाचे आणि भाजलेल्या मातीचे किंवा बिडाचे असावेत. ते तालुक्याच्या बाजारात मिळावेत. गावचा कुंभार ते करू शकतो. पाणी तापवायच्या बंबाची जळलेली जाळी बदलून देणारे कारागीर शहरांतून अजून पूर्ण हरवलेले नाहीत, तेही करू शकतात.

यावर एक रास्त प्रश्न येईल. गॅस घरोघर पोचत असताना मातीच्या चुलीची डागडुजी हा मागे नेणारा विचार नव्हे का? प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, मेळघाटातल्या व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून गॅस मिळाला, आणि हे सारे व्हायलाच हवे होते. आरोग्याच्या दृष्टीने गॅसला तोड नाही. धुराड्याची उत्तम चूलही जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वच्छ हवेच्या मर्यादेच्या आसपास पोचत नाही. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे मेली, असे हीच संघटना सांगते. पाच वर्षांखालील मुलांच्या न्यूमोनियाच्या मृत्यूंपैकी ४४ टक्के मृत्यूंशी ती या धुराचा संबंध जोडते. बालमृत्यूंसाठी न्यायालयापर्यंत गेलेल्या मेळघाटाला हे आकडे परके नाहीत.

पण जोडणी म्हणजे वापर नव्हे. उज्ज्वलाच्या ग्राहकाने वर्षाला घेतलेली सिलिंडरे २०१९-२० मध्ये सरासरी ३.०१ होती, २०२३-२४ मध्ये ३.९५ झाली. चौदा किलोंच्या चार सिलिंडरांत पाच-सहा माणसांच्या घराचा वर्षभराचा स्वयंपाक, आंघोळीचे पाणी आणि गुरांचे आंबोण निघत नाही. उरलेला जाळ चुलीतच होतो. गॅसवर चहा-भाजी आणि चुलीवर भाकरी, पाणी, सणावारीचा मोठा स्वयंपाक, उन्हाळ्यातल्या कुरडयांचा चीक, हीच वऱ्हाडातल्या असंख्य घरांची आजची वाटणी आहे. सिलिंडर स्वस्त करण्याची मागणी जोरात व्हावी. तोपर्यंत जी चूल रोज पेटते ती तडकलेली ठेवणे म्हणजे ती पेटवणाऱ्या बाईला वाट पाहायला सांगणे आहे, आणि ती वाट तिच्या फुप्फुसांतून जाते.

महाराष्ट्राला अशा दुरुस्तीचा धडा नवा नाही. १९७० च्या दशकात दुष्काळी भागांत बसवलेले हातपंप मोठ्या संख्येने बंद पडू लागले. जालना आणि सोलापूर इथे घडलेल्या टिकाऊ पंपांच्या अनुभवातूनच पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा देशभर पसरलेला पंप आला. पण पंप चांगला करून भागले नाही. जिल्हा परिषदांना देखभाल-दुरुस्तीची पथके ठेवावी लागली, यांत्रिकी नेमावे लागले, सुट्या भागांचा साठा करावा लागला. बंद पंप कोणी पाहायचा, हे आज कोणत्याही पंचायत समितीत विचारले तर उत्तर मिळते. तडकलेली चूल कोणी पाहायची, असे विचारले तर मिळत नाही. पंप सार्वजनिक, चूल खासगी, असा भेद यात केला जातो. पण चूल सरकारी अनुदानातून बसवली, तिच्या नावाने धूर आणि लाकूड वाचल्याचे आकडे सरकारने मांडले, तर दोन वर्षांनी ती चालते का, हे पाहणेही सरकारचेच काम ठरते.

करायचे काय, ते अवघड नाही. ‘उमेद’ अभियानामुळे २०११ पासून गावोगाव बचत गटांचे जाळे विणले गेले आहे. प्रत्येक गावात गटातल्या दोघी-तिघींना चूल दुरुस्तीचे प्रशिक्षण द्यावे आणि प्रत्येक दुरुस्तीमागे त्यांना मेहनताना मिळावा. मानधनाविना बायकांनी बायकांची सेवा करावी, ही अपेक्षा आता सोडली पाहिजे. आशा सेविकांच्या कामावर ओझे टाकून हे उरकू नये. प्रशिक्षण बाहेरून आणलेल्या पुस्तिकेवर होऊ नये. पांढरी माती, भुसा आणि लीद यांचे प्रमाण ज्यांच्या बोटांत आहे, त्या वयस्क बायकांना शिकवायला बोलवावे आणि तेही मानधन देऊन. चंदीगडजवळच्या नाडा गावात १९८० च्या दशकात मधू सरीन यांनी बायकांनाच चूल बांधायला आणि बदलायला शिकवले. भांड्यांच्या आकारानुसार, घराच्या मांडणीनुसार त्या चुली बदलत गेल्या. मेळघाटातल्या कोरकू घरातली चूल आणि बाळापूरच्या वाड्यातली चूल एका साच्यात का कोंबावी?

अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, त्यात अपारंपरिक ऊर्जेचा विभाग आहे. पऱ्हाटी आणि तुराटीवर रोज चालणाऱ्या चुलीत कोणता मसाला किती महिने टिकतो, कवेलूचा चुरा किती प्रमाणात घालावा, खारपाणपट्ट्यातली माती टाळता येत नसेल तर तिच्यात काय मिसळावे, हे प्रश्न त्याच्या दारातले आहेत. त्यांची उत्तरे एका पानाच्या मराठी आणि कोरकू माहितीपत्रकात मावतील. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या ज्या शाळांत अजून लाकूड जळते, तिथल्या मोठ्या चुलींपासून सुरुवात करता येईल. तिथे स्वयंपाकीण धुरात बसते आणि मुले शेजारच्या खोलीत.

दुरुस्तीचा हंगामही ठरलेला आहे. पावसाळ्यात अंगणातली चूल आत जाते, सरपण ओले होते, दारे-खिडक्या मिटतात आणि तडकलेल्या चुलीचा धूर सर्वांत जास्त तेव्हाच कोंडतो. मृगाच्या आधीचा मे महिना हा माती वाळायला आणि हात मोकळे असायला सोयीचा. अमरावती आणि अकोला जिल्हा परिषदांनी येत्या मेमध्ये मेळघाटातली काही आणि खारपाणपट्ट्यातली काही गावे निवडावीत. किती चुली वाटल्या हा रकाना कोरा ठेवावा. त्याऐवजी प्रत्येक घरी मागच्या तोंडावरचे पाणी उकळते का आणि धूर कुठून बाहेर पडतो, एवढे दोन प्रश्न विचारून दुरुस्ती करून द्यावी. मग हेच दोन प्रश्न दिवाळीनंतर आणि पुढच्या मेमध्ये त्याच घरी पुन्हा विचारून उत्तरे ग्रामसभेत वाचून दाखवावीत.